वेडगळ वाक्य आलं की पेन्सिल उचला: परीकथांमधलं गणित आणि लॉजिक वाचायची एक पद्धत

'ॲलिस इन वंडरलँड' या गोष्टीतली ॲलिस सशाच्या बिळातून खाली पडल्यावर थोड्या वेळानं तिला स्वतःचाच डाऊट यायला लागतो, आपण खरंच आपणच आहोत ना, का रात्रीतून कोणी दुसरीच झालो, आणि चेक करायला म्हणून ती पाढा म्हणते. चार पंचे बारा, चार सक तेरा, चार सत्ते... अरे देवा, या हिशोबानं मी वीसपर्यंत कधी पोचणारच नाही! इथं आपण काय करतो, तर हसतो, पोरगी गोंधळलीये म्हणतो आणि पान उलटतो. मी पण कित्येक वर्षं तेच केलं. पण ही ओळ लिहिणारा लुईस कॅरल, खऱ्या नावानं चार्ल्स डॉजसन, ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च कॉलेजात गणित शिकवायचा, आणि असा माणूस चुकीचा पाढा लिहितानासुद्धा उगाच आकडे फेकत नाही हे मला फार उशिरा सुचलं.

तर अशी पुस्तकं गणिताच्या नजरेनं कशी वाचायची ते सांगते, एकट्यानं वाचा किंवा पोरांना घेऊन बसा. गणित चांगलं असायची अट नाही, शाळेतलं अर्धवट आठवत असलं तरी बास. लागतं काय तर पुस्तक, पेन्सिल, पाठकोरे कागद आणि एक सवय. सवय अशी की कुठलं पात्र वेडगळ बोललं की लगेच "चुकलं" म्हणायचं नाही. आधी विचारायचं, कुठला नियम धरला तर हे बरोबर ठरेल? आणि नियम सापडला की दुसरा प्रश्न, हा नियम ताणत नेला तर कुठं तुटतो? दोनच प्रश्न.

पाढ्यावर लावून बघा. आपण १२ लिहितो म्हणजे दहाचा एक गठ्ठा आणि वर सुटे दोन. पण गठ्ठा दहाचाच पाहिजे असं कुठं लिहिलंय? १८ चा गठ्ठा करा. पाच चोक वीस, म्हणजे १८ चा एक गठ्ठा आणि सुटे २, लिहायचं १२. पुढं चोवीस, आता गठ्ठा २१ चा धरा, एक गठ्ठा आणि सुटे ३, झाले १३. अठ्ठावीसला गठ्ठा २४ चा, मग येतात १४. दरवेळी गठ्ठा ३ नं मोठा करायचा. असं कागदावर खाली खाली लिहीत गेलं की बारा चोक अठ्ठेचाळीसला गठ्ठा येतो ३९ चा आणि उत्तर १९. आता वाटतं पुढच्या ओळीला २० नक्की. तर तेरा चोक बावन्न, गठ्ठा ४२ चा, एक गठ्ठा आणि सुटे १०, आणि इथं घोडं अडतं, कारण २० लिहायचं तर दोन पूर्ण गठ्ठे पाहिजेत आणि आपल्याकडे एकच आहे. बरं पुढं तरी भरतील का दोन गठ्ठे? नाही भरत, कारण दर ओळीला आपली संख्या वाढते ४ नं आणि दोन गठ्ठे मिळून वाढतात ६ नं, म्हणजे अंतर वाढतच जाणार. पोरगी बरोबर बोलतेय! अजून एक सोपं उत्तर पण आहे, तिकडं पाढे बारापर्यंतच पाठ करायची पद्धत होती, त्यामुळं १२, १३, १४ असं एकेक वाढत गेलं तरी चारचा पाढा १९ वर संपतो. दोन्ही उत्तरं चालतात, पण मला पहिलं जास्त आवडतं कारण त्यात करायला काहीतरी आहे.

आता हा नाद लागला की एक धोका असतो तो आधीच सांगते. माणूस प्रत्येक आकड्यात गुपित शोधायला लागतो. कॅरलच्या पुस्तकांत ४२ सारखा येतो, कोर्टातला नियम ४२ नंबरचा, त्याच्या एका कवितेत स्नार्क नावाच्या काल्पनिक प्राण्याच्या शिकारीवर निघालेल्या एका खलाशाच्या पेट्या ४२, पहिल्या पुस्तकातली चित्रं पण ४२, आणि मग लोक रात्र रात्र जागून त्याचे अर्थ लावत बसतात. लावा, मजा येते, पण त्यातून गणित काही हाताला लागत नाही. तसंच २००९ साली मेलनी बेली या अभ्यासक बाईंनी मांडलं होतं की सुरवंट, चहापार्टी वगैरे प्रसंग म्हणजे त्या काळातल्या नव्या बीजगणिताची टिंगल आहे, डॉजसन युक्लिडचा, म्हणजे जुन्या ग्रीक भूमितीकाराचा, कट्टर माणूस होता, १८७९ साली त्यानं युक्लिडची बाजू घेऊन अख्खं पुस्तक लिहिलं हे खरंच, त्यामुळं ती थिअरी वाचण्यासारखी आहे. पण सुरुवात तिथून करू नका. आधी पानावर जे उघड पडलंय ते उचला, लपलेलं नंतर.

उघड पडलेलं म्हणजे कसं, तर चहापार्टी. ॲलिस म्हणते की मला जे म्हणायचंय तेच मी बोलते, निदान मी जे बोलते तेच मला म्हणायचं असतं, एकच ना ते. तिथला हॅटर नावाचा टोपीवाला उसळतो, एकच कसं, मग "मी जे खातो ते मला दिसतं" आणि "मला जे दिसतं ते मी खातो" हे पण एकच म्हणशील! शाळेत भूमितीत प्रमेय आणि त्याचा व्यत्यास असायचा आठवतंय? तेच आहे हे. आम्हाला पायथागोरसचा व्यत्यास घोकून लिहायला लावला होता पण मूळ वाक्य खरं असून व्यत्यास खोटा असू शकतो हे कोणी मनात उतरवलं नव्हतं, ते या हॅटरनं उतरवलं. करायचं असं की दोन गोल काढायचे, एक "मी खातो त्या वस्तू", दुसरा "मला दिसतात त्या वस्तू". पहिला गोल दुसऱ्याच्या पोटात. आता वाक्य उलटं केलं की मोठा गोल छोट्याच्या पोटात घालायला लागतो, आणि टेबल, किटली, समोरचा माणूस सगळंच खायची वेळ येते.

पण खरी गंमत डॉरमाऊस या उंदरासारख्या प्राण्याची आहे आणि ती बहुतेक जण सोडून देतात. तो पेंगत पेंगत म्हणतो, "मी झोपतो तेव्हा श्वास घेतो" आणि "मी श्वास घेतो तेव्हा झोपतो" हे पण एकच म्हणशील, आणि हॅटर म्हणतो तुझ्या बाबतीत एकच आहे बाबा! कारण हा प्राणी कायम झोपलेलाच. म्हणजे दोन्ही गोल तंतोतंत एकावर एक बसले, आणि अशा वेळी व्यत्यास पण खरा ठरतो. म्हणून व्यत्यास दिसला की "खोटा" असा शिक्का मारायचा नाही, "वेगळा तपासायला लागेल" एवढंच म्हणायचं. पोरांना हे द्यायला मस्त आहे, प्रत्येकानं एक वाक्य सांगायचं, दुसऱ्यानं उलटं करायचं, तिसऱ्यानं ते तोडणारं एक उदाहरण आणायचं. एक उदाहरण पुरतं, शंभर नकोत.

त्याच टेबलावर शून्य पण बसलेलं आहे. मार्च हेअर नावाचा ससा म्हणतो अजून थोडा चहा घे, ॲलिस फुगून म्हणते मी अजून घेतलेलाच नाही तर अजून कसा घेऊ (आपल्या मराठीत "अजून" दोन्हीकडं कसा चपखल बसतो बघा), त्यावर हॅटर म्हणतो कमी कसा घेऊ असं म्हण, काहीच नाही त्यापेक्षा जास्त घेणं तर एकदम सोपं आहे. शून्याच्या खाली जागा नाही असं तो गृहीत धरतोय. मग हाच नियम ताणायला पुढं नकली कासवाकडं जायचं. ते सांगतं की आमच्या शाळेत पहिल्या दिवशी दहा तास, दुसऱ्या दिवशी नऊ, असं रोज एक कमी, आणि शेजारचा ग्रिफन, म्हणजे अर्धा गरुड अर्धा सिंह असा प्राणी, म्हणतो नावच तसं आहे. इंग्रजीत धडा आणि कमी होणं या शब्दांवर कोटी आहे ती मराठीत उतरत नाही, मी सांगताना म्हणते की शाळेतले तास रोज थोडे थोडे तासले जातात म्हणून त्यांना तास म्हणतात, चालून जातं. ॲलिस लगेच हिशोब करते, म्हणजे अकराव्या दिवशी सुट्टी? अर्थातच. मग बाराव्या दिवशी काय करायचात? आणि इथं ग्रिफन घाईघाईनं विषय बदलतो!

विषय बदलू देऊ नका. पुस्तक बंद करून पेन्सिल घ्यायची वेळ नेमकी हीच. ११ मधून दिवसाचा नंबर वजा करा, तेवढे तास. बाराव्या दिवशी उणे १ तास. आता उणे एक तास शाळा म्हणजे काय? हे मी भाचीला विचारलं तर ती दोन मिनिटं गप्प बसली आणि म्हणाली, मावशी, एक तास शिकलेलं विसरायचं. मी ऋण संख्या एवढी वर्षं "कर्ज" म्हणूनच समजत आलेय, हे मला सुचलंच नसतं. मग आम्ही दोघींनी हिशोब केला की सगळं विसरून कोरी पाटी कुठल्या दिवशी होणार. पहिल्या दहा दिवसांत जमा झाले ५५ तास, अकरावा दिवस कोरा, आणि बाराव्यापासून १, २, ३ असे वजा होत होत एकविसाव्या दिवशी बरोब्बर ५५ वजा. एकविसाव्या दिवशी संध्याकाळी डोक्यात शून्य. तिला हे इतकं आवडलं की तिनं कॅलेंडरवर खुणा केल्या.

लॉजिककडं वळू. इथं चुका पकडायचा मोह जास्त होतो म्हणून आपला पहिला प्रश्न जास्त कामाला येतो. ॲलिसची मान लांबच लांब होते आणि कबुतरीण तिला साप साप म्हणून भुई धोपटायला लागते. ॲलिस म्हणते अगं मी मुलगी आहे. अंडी खाल्लीस का कधी? खाल्ली, मुली खातात अंडी. झालं तर मग, मुली अंडी खात असतील तर त्या पण एक प्रकारचे सापच! शाळेच्या भाषेत हा तर्कदोष, साप अंडी खातात, मुली अंडी खातात, यावरून मुली साप ठरत नाहीत, दोन गोल एका तिसऱ्या मोठ्या गोलात असले म्हणून ते एकमेकांत घुसत नाहीत. ठीक आहे. पण नियम शोधा की. कबुतरीणीच्या डोक्यात सापाची व्याख्याच "जो अंडी खातो तो" अशी असेल तर? मग तिचं अनुमान शंभर टक्के बरोबर आहे. आणि जिचं घरटं आहे तिला खवले, विषारी दात वगैरेशी काय देणंघेणं, तिच्या कामाची व्याख्या तीच. भांडण तर्काचं नाहीच, व्याख्येचं आहे. आरशापलीकडच्या दुसऱ्या पुस्तकात, जे १८७१ च्या शेवटी आलं, हम्प्टी डम्प्टी हेच तोंडावर सांगतो की मी शब्द वापरतो तेव्हा त्याचा अर्थ मी ठरवीन तोच. गणितात हे रोज चालतं, फक्त अट अशी की एकदा ठरवला की मध्येच बदलायचा नाही, आणि हम्प्टी ती अट सोयीनं विसरतो.

चेशायर मांजर वेगळ्या जातीची. ती म्हणते इथं सगळे वेडे, तू पण वेडी, नाहीतर इथं आलीच नसतीस. याची रचना तपासा, "जो वेडा नाही तो इथं येत नाही, तू आलीस, म्हणून तू वेडी." रचना एकदम घट्ट, खिळा हलत नाही. फक्त पहिलं वाक्य कोणी सिद्ध केलंय? मग ती स्वतःचं सांगते. कुत्रा वेडा नाही हे मान्य ना, कुत्रा रागावला की गुरगुरतो आणि खूश झाला की शेपूट हलवतो, मी खूश झाले की गुरगुरते आणि रागावले की शेपूट हलवते, म्हणून मी वेडी. इथं रचनाच पोकळ. कुत्रा शहाणा आणि मी दोन बाबतींत कुत्र्याच्या उलटी, म्हणून शहाणपणातही उलटी, असं कुठून आलं? हे दोन प्रसंग शेजारी शेजारी आहेत ही माझ्या मते सगळ्या पुस्तकातली सगळ्यात कामाची जागा आहे, एकात पाया डळमळीत आणि भिंत सरळ, दुसऱ्यात पाया ठीक आणि भिंतच वाकडी. न्यूज वाचताना, घरात वाद घालताना मला सारखं हे आठवतं, ही पहिल्या प्रकारची गडबड आहे का दुसऱ्या.

कोर्टातला राजा पण सोडू नका. ॲलिस परत वाढायला लागल्यावर तो वहीतून वाचतो, नियम ४२, एक मैलापेक्षा उंच सगळ्यांनी कोर्टाबाहेर जावं. ॲलिस म्हणते हा तुम्ही आत्ता बनवलात. राजा म्हणतो पुस्तकातला सगळ्यात जुना नियम आहे. मग त्याचा नंबर एक पाहिजे, असं ॲलिस म्हणते आणि राजाचा चेहरा पांढरा पडतो. जुना असेल तर नंबर १, नंबर १ नाही, म्हणून जुना नाही. साधं हत्यार आहे पण धार बघा. आता खोडसाळपणा म्हणून राजाची वकिली करा, त्याला कसं वाचवता येईल? ॲलिसनं न बोललेलं एक गृहीतक आहे, की नियमांना नंबर ते बनले त्या क्रमानं दिलेत. ते पाडलं की राजा सुटला. मी भाचीला नेहमी हरणाऱ्या बाजूची वकिली देते, त्यात जास्त शिकायला होतं.

आरशापलीकडच्या पुस्तकात पांढरा राजा ॲलिसला विचारतो रस्त्यावर कोण दिसतंय का, ती इंग्रजीत म्हणते मला "नोबडी" दिसतो, आणि राजा हळहळतो, काय डोळे आहेत तुझे, नोबडी दिसतो आणि तो पण इतक्या लांबून! पुढं दूत धापा टाकत आल्यावर राजा त्याला विचारतो वाटेत कोण भेटलं, तो म्हणतो नोबडी, मग नोबडी तुझ्यापेक्षा हळू चालतो म्हणायचं. हा जोक मराठीत का मरतो यावर मी बराच विचार केला. आपण म्हणतो "कोणीच दिसत नाही", नकार आपण क्रियापदाला लावतो, त्यामुळं "कोणीच" नावाचा माणूस उभाच राहू शकत नाही. इंग्रजीत नकार नामात बसतो आणि नाम दिसलं की त्याला पाय फुटतात. गंमत अशी की तर्कशास्त्रात हे वाक्य लिहायची जी पद्धत आहे, "असा एकही नाही की जो दिसतो", ती आपल्या बोलण्याच्या जास्त जवळची आहे. पोरांना सांगताना मी शून्य वापरते, "रस्त्यावर शून्य माणसं आहेत" आणि "रस्त्यावर शून्य नावाचा माणूस आहे" यातला फरक काय? शाळेत रिक्त संच शिकताना जे डोक्यावरून गेलं होतं ते इथं पटकन बसतं.

पांढऱ्या राणीचा मुरांबा पण इथलाच. ती नोकरीला ठेवताना म्हणते मुरांबा दिवसाआड मिळेल, म्हणजे काल आणि उद्या, आज कधीच नाही. "आज रोख, उद्या उधार" या पाटीची मेख तीच, "आज" हा शब्द तारखेला चिकटत नाही, बोलणाऱ्याला चिकटतो. हम्प्टीच्या न-वाढदिवसांचं गणित, ३६५ वजा १ म्हणजे ३६४, पटकन होतं, फक्त पोरांना एवढं विचारा की २९ फेब्रुवारीला जन्मलेल्याचे किती. साध्या वर्षात त्याचा वाढदिवसच नाही म्हणजे ३६५, लीप वर्षात ३६६ वजा १, परत ३६५. दरवर्षी सारखेच! लाल राणीचं धावणं, की जागेवर राहायला जीव तोडून पळायचं आणि पुढं जायचं तर दुप्पट जोरात, हे ट्रेडमिलवर चढलेल्या कोणालाही समजावून सांगायला नको.

कॅरलची १८७६ ची स्नार्कची लांबलचक कविता घेतली तर त्यातला एकच हिशोब करा. दोन अधिक एक किती हे सिद्ध करायचंय, तर खाटीक म्हणतो ३ घ्या, त्यात ७ आणि १० मिळवा, १००० वजा ८ नं गुणा, ९९२ नं भागा, १७ वजा करा, उत्तर अगदी बिनचूक येईल. येतं, ३. आता ३ च्या जागी दुसरा कुठलाही आकडा घालून बघा. जो घालाल तोच परत येतो, कारण ७ आणि १० म्हणजे १७ मिळवले आणि शेवटी काढले, १००० वजा ८ म्हणजे ९९२ नं गुणलं आणि त्यानंच भागलं. फिरून फिरून भोपळे चौकात! सिद्ध काहीच झालं नाही, जे सिद्ध करायचं तेच सुरुवातीला घेतलं होतं. असं स्वतःचं मशीन बनवायला पोरांना द्या, मिळवा, गुणा, मग वेगळ्या वेशात तेच काढून घ्या, समोरचा चाट पडतो. "क्ष" कशाला लागतो हे समजवायला मला यापेक्षा सोपी वाट मिळालेली नाही.

आकारमानाचं गणित पाहिजे असेल तर ॲलिसपेक्षा गलिव्हर बरा, १७२६ चं पुस्तक, लिहिलं मोठ्यांसाठी पण वाचलं पोरांनी. लिलिपुटची माणसं गलिव्हरच्या बाराव्या हिश्श्याची, आणि त्यांचे गणिती ठरवतात की याला रोज १७२८ जणांचं जेवण द्यायचं. बारा पट का नाही? कारण लांबी १२ पट, रुंदी १२ पट, जाडी १२ पट, आणि १२ गुणिले १२ गुणिले १२ म्हणजे १७२८. पण मला जेवणापेक्षा त्याची गादी जास्त आवडते. ६०० छोट्या गाद्या आणतात, १५० शिवून एक थर, असे चार थर. कागदावर तपासा, अंथरुणाचं क्षेत्रफळ १२ गुणिले १२ म्हणजे १४४ पट पाहिजे, १५० घेतल्या, छान. पण जाडी पण १२ पट पाहिजे ना, थर मात्र चारच, आणि गलिव्हर तक्रार करतोच की खालची दगडी फरशी टोचत होती. लेखकानं हिशोब करूनच त्याला झोपवलंय!

आता दुसरा प्रश्न, नियम कुठं तुटतो. जेवणाचा नियम जरा तुटका आहे, कारण छोट्या प्राण्याला वजनाच्या मानानं जास्त खायला लागतं, उंदीर दिवसभर कुरतडत असतो आणि हत्तीला तेवढं लागत नाही. मॅक्स क्लायबर या शास्त्रज्ञानं १९३२ साली दाखवलं की प्राण्यांची ऊर्जेची गरज वजनाच्या साधारण पाऊण (०.७५) घातानं वाढते. १७२८ चा पाऊण घात काढला तर येतात २६८ च्या आसपास. म्हणजे हा नियम तिथं लावला तर बिचारे लिलिपुटवाले सहापटीहून जास्त रांधत होते. कॅल्क्युलेटर चालतो इथं, लाजायचं काही नाही.

सरासरी शिकवायची असेल तर नॉर्टन जस्टरचं १९६१ चं फँटम टोलबूथ. त्यात एक मुलगा भेटतो, अर्ध्याहून थोडाच जास्त, कारण सरासरी कुटुंबात २.५८ मुलं असतात आणि हा त्यातला .५८! सगळे हसतात, पण इथं थांबून स्वतःच्या ओळखीतल्या दहा घरांची मुलं मोजा, सरासरी काढा, आणि तेवढी मुलं असलेलं एक तरी घर दाखवा म्हणा. त्याच पुस्तकातला नायक मायलो सगळ्यात मोठा आकडा बघायला मागतो तर त्याला दाखवतात एक अवाढव्य उंचीचा ३. आकड्याची खूण मोठी का आकडा मोठा, हा घोळ मोठ्या माणसांचाही होतो. वजाबाकीचं कालवण पण आहे तिथं, जितकं खाल तितकी भूक वाढते, कासवाच्या शाळेचं भावंडच म्हणा.

मॅडलिन लेंगलचं १९६२ चं रिंकल इन टाइम वाचताना मात्र थोडं सावध. त्यात टेसरॅक्ट, म्हणजे जागेची घडी घालून लांब झटकन पोचायची युक्ती, समजवायला मुंगी आहे, कापडाच्या एका टोकाकडून दुसऱ्याकडं चाललेली, आणि दोन्ही टोकं जवळ आणली की मुंगी पलीकडं पोचली. चित्र झकास आहे. पण गणितात टेसरॅक्ट म्हणजे घडी नव्हे, चार मितींमधला घन. तो डोळ्यासमोर येत नाही पण मोजता येतो, आणि तेच करायचं. बिंदूला कोपरा १, रेषाखंडाला २, चौरसाला ४, घनाला ८, पुढं अर्थातच १६. कडांचा नियम शोधायला जरा वेळ लागतो, आधीच्या आकृतीच्या कडा दुप्पट करायच्या आणि तिचे कोपरे मिळवायचे, कारण आकृती सरकवली की प्रत्येक कोपरा मागं एक रेघ ओढतो. चौरसाच्या ४ दुप्पट ८ अधिक ४ कोपरे, घनाला १२. घनाच्या १२ दुप्पट २४ अधिक ८, टेसरॅक्टला ३२. न बघितलेल्या वस्तूच्या कडा मोजून झाल्या.

एवढं जमलं की स्वतः बनवायला घ्या. नमुना डॉजसननंच दिलाय, १८९६ च्या लॉजिकच्या पुस्तकात. तान्ही बाळं तर्कशून्य असतात. ज्याला मगर सांभाळता येते त्याला कोणी तुच्छ मानत नाही. तर्कशून्य लोकांना तुच्छ मानतात. आता निष्कर्ष काय? प्रत्येक वाक्य "जर... तर" मध्ये लिहा, मधलं वाक्य उलटं करून नकार लावा, "तुच्छ मानला जातो तर मगर सांभाळता येत नाही", आणि डबे जोडा, बाळ, तर्कशून्य, तुच्छ, मगर नाही. बाळांना मगर सांभाळता येत नाही! इथं एक लक्षात ठेवा, वाक्य नुसतं उलटं करणं म्हणजे हॅटरवाला व्यत्यास, तो चालत नाही, उलटं करून दोन्हीकडं नकार लावला तरच चालतो.

पहिल्यांदा तीनच वाक्यं घ्या आणि एका वेळी एकच प्रसंग, एका बैठकीत अख्खं पुस्तक उकलायला गेलात तर गोष्ट मरते आणि पोरं पळतात. मी हा उद्योग केलेला आहे, दोन महिने भाची पुस्तकाला हात लावत नव्हती. आता आठवड्यातून एकदा ती मला कोडं घालते. परवाचं असं होतं, सोनं साठवणारा ड्रॅगन कधी झोपत नाही, जो झोपत नाही तो चिडका असतो, हिरव्या ड्रॅगनला चिडलेलं कोणीच पाहिलेलं नाही. मी डबे जोडले आणि ऐटीत सांगितलं, हिरवा ड्रॅगन सोनं साठवत नाही. ती म्हणाली, मावशी, पाहिलेलं नाही म्हणजे चिडत नाही असं कुठं लिहिलंय? ज्यांनी पाहिलं त्यांना त्यानं खाल्लं असेल ना.